खेळाडूचा कोच होताना या चुका टाळा

लांब उडीत दहा वर्षं काढून मी मुलांना शिकवायला उभा राहिलो. पहिल्याच आठवड्यात अकरा वर्षांच्या एका मुलीनं विचारलं, "सर, शेवटचं पाऊल नक्की कसं टाकायचं?" मी धावत जाऊन उडी मारून दाखवली. ती म्हणाली, "तुम्हाला जमलं, पण मी काय करू?" मला उत्तर देता आलं नाही.

आपल्याला येतं म्हणजे शिकवताही येतं, हे गृहीत धरणं ही सगळ्यात मोठी चूक. सरावानं अंगवळणी पडलेली गोष्ट शब्दांतून निसटते. सियन बायलॉक आणि थॉमस कार यांनी 2001 मध्ये गोल्फपटूंवर केलेला अभ्यास हेच सांगतो: नुकत्याच मारलेल्या फटक्याचं वर्णन कसलेल्या खेळाडूंना नवख्यांपेक्षा कमी तपशिलात करता आलं. यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. नेहमीच्या पायाऐवजी दुसऱ्या पायावर उडी मारून बघा, किंवा डाव्या हातानं चेंडू फेका. कुठे अडखळतो, काय आधी जमावं लागतं, ते लगेच कळतं. मी तसं केलं आणि मग धावपट्टीवर खुणा केल्या: शेवटून दुसरं पाऊल लांब, शेवटचं आखूड. त्या दिवशी बाकी एकही सूचना दिली नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगा, नाहीतर मूल धावता धावता विचारच करत बसतं.

दुसरी चूक मुलांच्या शरीराला भोवते. आपलं जुनं वेळापत्रक निम्मं करून त्यांना देणं म्हणजे मुलांचा सराव नव्हे. साधारणपणे मुलींची उंची बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात झपाट्यानं वाढते. या काळात कालपर्यंत सफाईदार धावणारं मूल अचानक वेंधळं वाटू लागतं. ते आळशी झालेलं नसतं, हातपाय लांबले आहेत आणि अंदाज चुकतोय एवढंच. त्याला रागावू नका. दर तीन महिन्यांनी उंची मोजून वहीत लिहा. आकडा झपाट्यानं वाढला की उड्या आणि वेगाच्या फेऱ्या कमी करा. गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय असं मूल म्हणालं तर "खेळात दुखतंच" हे वाक्य गिळून टाका. तिथे नडगीच्या हाडाचा वाढता भाग ओढला जात असतो. सूज असेल, मूल लंगडत असेल किंवा रात्रीही दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. एक सोपं माप लक्षात ठेवा: आठवड्यातले सरावाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत.

आपल्या कोचनी आपल्याला ओरडून घडवलं, म्हणून आपणही ओरडतो. पण त्या ओरडण्यानं मैदान सोडून गेलेली मुलं आपल्याला आठवत नाहीत, कारण आपण टिकलेल्यांपैकी आहोत. 1992 मध्ये बार्नेट, स्मोल आणि स्मिथ यांचा मुलांच्या बेसबॉलवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रोत्साहन देत चूक कशी सुधारायची हे शिकलेल्या कोचांकडची 5 टक्के मुलं पुढच्या हंगामात परतली नाहीत. बाकीच्या कोचांकडे हेच प्रमाण 26 टक्के होतं. हा फरक मला आजही अस्वस्थ करतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. वयापेक्षा आधी वाढलेल्या उंच मुलालाच गुणवान समजू नका. पुढे बाकीचे बहुधा त्याला गाठतात. प्रथमोपचार शिकल्याशिवाय मैदानावर उतरू नका. बंद खोलीत एका मुलाबरोबर एकटे थांबू नका. पालकांशी निकालाबद्दल बोलण्याआधी सरावाबद्दल बोला.

आणि सराव रटाळ होतोय, मुलं एकमेकांना ढकलतायत असं दिसलं, तर शिटी वाजवण्याआधी रांग मोजा. वीस मुलं एकाच रांगेत असतील तर प्रत्येकाचा बहुतेक वेळ उभं राहण्यातच जातो. चार गट करा, एका गटाला उडी, दुसऱ्याला दोरी, तिसऱ्याला शिवाशिवी, चौथ्याला चेंडू द्या. दंगा बहुधा पाच मिनिटांत थांबतो.