टेलिफोन मॅनेजमेंट सॉफ्टवेअर बसवताना या चुका टाळा

ऑफिसच्या फोन कॉलची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सिस्टीम रिक्वायरमेंट्सचा कागद हातात आला की नजर आधी रॅम आणि प्रोसेसरवर जाते. मशीन त्यात बसलं की ऑर्डर निघते, इन्स्टॉलेशनही विनातक्रार होतं, आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट उघडला तर त्यात एकही कॉल नसतो. टेलिफोन सॉफ्टवेअरच्या बहुतेक अडचणी कॉम्प्युटर कमी ताकदीचा असल्यामुळे येतच नाहीत. त्या येतात कॉम्प्युटर आणि एक्स्चेंज (ऑफिसचे फोन एकमेकांना आणि बाहेर जोडणारी यंत्रणा) जिथे जोडले जातात तिथे. त्यामुळे कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेली एक्स्चेंजची माहिती आधी वाचा, रॅमचं नंतर बघता येईल.

एक्स्चेंजकडून माहिती कशी येणार, हे न ठरवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. प्रत्येक कॉल संपला की एक्स्चेंज त्याची एक ओळ बाहेर पाठवतं: एक्स्टेन्शन, डायल केलेला नंबर, वेळ, कालावधी. याला एसएमडीआर किंवा सीडीआर म्हणतात. ही ओळ जुन्या ईपीएबीएक्समधून, म्हणजे ऑफिसच्या एक्स्चेंजमधून, सीरियल पोर्टवाटे येते, नव्यांमधून नेटवर्कवाटे. सिस्कोच्या कॉल मॅनेजरसारख्या मोठ्या यंत्रणा तिच्या फाइली बनवून एसएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल सुरक्षितपणे पाठवायची पद्धत) पाठवतात. तुमचं सॉफ्टवेअर यातली नेमकी कोणती पद्धत आणि तुमच्या एक्स्चेंजचं कोणतं मॉडेल ओळखतं, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. "सगळ्या एक्स्चेंजवर चालतं" या तोंडी उत्तरावर विसंबू नका. काही एक्स्चेंजमध्ये हे आउटपुट मुळात बंद असतं, तर काहींमध्ये त्यासाठी वेगळं लायसन्स लागतं. तो खर्च सॉफ्टवेअरच्या कोटेशनमध्ये दिसत नाही.

सीरियल पोर्ट असेल तर दोन्ही बाजूंची सेटिंग तंतोतंत जुळायला हवी. एक्स्चेंज ९६०० बॉड (हा वेग), ८ डेटा बिट, नो पॅरिटी (चूक तपासणारा जादा बिट नाही) पाठवत असेल आणि कॉम्प्युटरवर ७ बिट, इव्हन पॅरिटी असेल, तर ओळी येतील पण अक्षरं विस्कटलेली असतील. काहीच येत नसेल तर केबल तपासा. साधी केबल आणि नल मोडेम केबल बाहेरून सारख्याच दिसतात, आतली जोडणी मात्र वेगळी असते. आरएस-२३२ ची, म्हणजे या सीरियल पोर्टची, केबल साधारण १५ मीटरच्या पुढे नेऊ नये, नाहीतर मधल्या ओळी गळायला लागतात. अशी गळती लगेच ध्यानात येत नाही, हा तिचा खरा त्रास.

नव्या कॉम्प्युटरला सीरियल पोर्ट नसतो म्हणून यूएसबी कन्व्हर्टर लावला जातो. तो साफसफाईच्या वेळी निघाला आणि शेजारच्या यूएसबी पोर्टमध्ये परत लावला गेला, तर विंडोज त्याला नवा कॉम पोर्ट (विंडोजमधलं सीरियल पोर्टचं नाव) क्रमांक देऊ शकतं. सॉफ्टवेअर मात्र जुन्याच क्रमांकावर वाट बघत राहतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये क्रमांक पक्का करा आणि तिथेच यूएसबीची वीज वाचवण्याचा पर्याय बंद करा.

नेटवर्कवाटे जोडणी असेल तर एक प्रश्न आधी विचारा: कनेक्शन सुरू कोण करतं? काही एक्स्चेंज ठरलेल्या आयपी पत्त्यावर आणि पोर्टवर स्वतः माहिती ढकलतात, तर काही सॉफ्टवेअरने येऊन जोडून घ्यावं म्हणून थांबतात. पहिल्या प्रकारात कॉम्प्युटरचा आयपी स्थिर हवा आणि विंडोज फायरवॉलमध्ये तो पोर्ट आत येण्यासाठी उघडा हवा. डीएचसीपीवर (नेटवर्क आपोआप पत्ता देतं ती सोय) सोडलेल्या कॉम्प्युटरचा पत्ता एखाद्या रीस्टार्टनंतर बदलला की त्या क्षणापासून नोंदी बंद.

दोष शोधताना आधी सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करणं

हे शेवटी करायचं काम आहे. आधी सॉफ्टवेअरची सर्व्हिस थांबवा, कारण एक कॉम पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो. मग पोर्टवर येणारा मजकूर जसाच्या तसा दाखवणारा, पुटीसारखा साधा टर्मिनल प्रोग्राम त्याच पोर्टवर उघडा आणि एका एक्स्टेन्शनवरून बाहेर कॉल लावा आणि मग फोन खाली ठेवा. स्क्रीनवर ओळ आली तर एक्स्चेंज आणि केबल निर्दोष, दोष सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये. ओळच आली नाही तर सॉफ्टवेअर कितीही वेळा बसवलं तरी फरक पडणार नाही. इतकी साधी चाचणी टाळल्यामुळे विक्रेता आणि एक्स्चेंजचा इंजिनिअर एकमेकांकडे बोट दाखवत राहतात, आणि भरडला जातो तो ऑफिस सांभाळणारा माणूस.

"मिनिमम" आकड्यावर मशीन घेणं

मिनिमम म्हणजे प्रोग्राम उघडेल एवढीच हमी. महिन्याचा रिपोर्ट काढताना, तेव्हाच कॉल येत असताना काय होईल, याचं उत्तर त्यात नसतं. शिवाय डेटाबेसला स्वतःच्या मर्यादा असतात. अनेक पॅकेजसोबत एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस हा डेटाबेस मोफत येतो. त्याच्या २०१६ ते २०२२ या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, आणि डेटा कॅशेसाठी (डेटा हाताशी ठेवायच्या जागेसाठी) तो सुमारे १.४ जीबी मेमरीच वापरतो. तिथे ३२ जीबी रॅम टाकून रिपोर्ट फारसे वेगवान होणार नाहीत.

कॉल रेकॉर्डिंग हवं असेल तर डिस्कचा हिशेब स्वतः मांडा. जी.७११ कोडेकमध्ये (आवाज डिजिटल करायची एक पद्धत) एका बाजूचा आवाज सेकंदाला ६४ किलोबिट घेतो, म्हणजे तासाला २८.८ एमबी. दोन्ही बाजू वेगळ्या साठवल्या तर ५७.६ एमबी. २० लाइन रोज ४-४ तास चालल्या तर दिवसाला सुमारे ४.६ जीबी झाले. जी.७२९ मध्ये एका बाजूला तासाला ३.६ एमबी पुरतात, आवाजाचा दर्जा मात्र उतरतो. रेकॉर्डिंग किती महिने ठेवायचं हे ठरल्याशिवाय डिस्क घेऊ नका. आवाजाच्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये आणि डेटाबेसमध्ये फक्त त्यांची नोंद, अशी रचना आहे का तेही विचारा.

३२ बिट आणि ६४ बिटची गल्लत

स्क्रीनवरून कॉल लावायची सोय बहुधा टॅपी (विंडोज आणि फोन यांना जोडणारी सोय) ड्रायव्हरवर चालते. ६४ बिट विंडोजवर हा ड्रायव्हरही ६४ बिटच लागतो. सॉफ्टवेअर ३२ बिटचं असेल तर चालतं, ड्रायव्हर नाही. डॉट नेट ३.५ (प्रोग्राम चालायला लागणारा विंडोजचा भाग) मागणारं जुनं पॅकेज असेल तर ते फीचर विंडोज १० आणि ११ मध्ये वेगळं सुरू करावं लागतं. ब्राउझरमधून बोलायची सोय असेल तर सर्व्हरवर एचटीटीपीएस (सुरक्षित वेब जोडणी) हवंच, नाहीतर ब्राउझर मायक्रोफोन वापरूच देत नाही.

रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवरच सगळं बसवणं

फोन जेव्हा चालतात तेव्हा हा कॉम्प्युटरही चालू हवा. संध्याकाळी कोणीतरी तो बंद करतं किंवा तो स्लीपमध्ये जातो, आणि तोवर नोंदी साठवणारी एक्स्चेंजची जागा भरली की पुढच्या नोंदी कायमच्या जातात. मशीन वेगळं ठेवा, यूपीएसवर ठेवा, स्लीप बंद करा. सॉफ्टवेअर विंडोज सर्व्हिस म्हणून चालतं ना, तेही बघा. लॉगिन केल्यावरच सुरू होणारं पॅकेज असेल, तर रात्री अपडेटने मशीन रीस्टार्ट झाल्यावर ते सकाळपर्यंत बंदच राहील.

व्हर्च्युअल मशीनवर (एका सर्व्हरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरवर) बसवायचं असेल तर लायसन्स कशाला बांधलं आहे ते आधी विचारा. ते मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाला) बांधलेलं असेल तर तो पत्ता स्थिर ठेवा, आणि लायसन्सचं यूएसबी डाँगल (पोर्टमध्ये लावायची किल्ली) असेल तर ते व्हर्च्युअल मशीनपर्यंत पोहोचतं का ते करून बघा.

घड्याळाकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. एक्स्चेंज आणि सर्व्हर दोन्ही एकाच एनटीपी सर्व्हरला (नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या सर्व्हरला) जोडा. दोघांत ५ मिनिटांचा फरक असला तरी रेकॉर्डिंग एका कॉलचं आणि नोंद दुसऱ्याची, अशी सरमिसळ होते.

पैसे पूर्ण चुकते करण्यापूर्वी इनकमिंग, आउटगोइंग, ट्रान्सफर केलेला, न उचललेला आणि कॉन्फरन्स, असे सगळ्या प्रकारचे कॉल लावून ते वेळेसकट कागदावर लिहा आणि रिपोर्टशी एकेक जुळवा. ट्रान्सफर केलेल्या कॉलकडे नीट बघा: तो एकच कॉल दोनदा मोजला जातो का, आणि कालावधी कोणत्या एक्स्टेन्शनच्या नावावर पडतो, याचं उत्तर विक्रेत्याचा माणूस समोर असतानाच घ्या.