जुन्या लँड रोव्हरला नवा फाळका बसवताना

जुन्या सिरीज लँड रोव्हरचा मागचा फाळका, म्हणजे मागच्या हौद्याचं खाली उघडणारं दार, बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, असं सांगणाऱ्याने एक तर तो कधी बदललेला नसतो, किंवा बदलल्यावर होणारा खडखडाट त्याच्या कानावर जात नसतो. मी आतापर्यंत सात फाळके बसवले आहेत. पहिल्याला तीन रविवार लागले, सातव्याला एक दुपार. या दोन्हींत फरक हाताच्या सफाईचा कमी आणि क्रमाचा जास्त होता.

जुना फाळका उतरवणं सोपं आहे. तो खाली आडवा करा, साखळ्या सोडा, बिजागरीच्या टोकाची कॉटर पिन (अडकण म्हणून घातलेली दुमडती तार) काढा आणि फाळका एका बाजूला सरकवा, की तो खुंट्यांमधून, म्हणजे बिजागरीच्या ज्या दांड्यांवर तो फिरतो त्यांच्यातून, सुटतो. टो-बार (मागून गाडी ओढायचा दांडा) आडवा येत असेल तर तो आधी काढा. खुंटी गंजून धरली असेल तर तेल सोडून रात्रभर थांबा. हातोडा मारू नका, कारण फाळक्याच्या आधी बिजागरी वाकते. उतरवलेला फाळका भंगारात टाकू नका, पण त्याच्यावर विश्वासही ठेवू नका. का ते पुढे येईलच.

नव्या फाळक्याला बिजागरीची छिद्रं आधीच पाडलेली नसतील तर उत्तम. तयार छिद्रं म्हणजे सोय, असं विकणारा सांगतो. ती सोय कारखान्यातून कालच बाहेर पडलेल्या गाडीसाठी असते. तुमची गाडी चाळीस-पन्नास वर्षं खड्ड्यांतून गेलेली असते, कधी काळी मागून भिंतीवर टेकलेली असते, आणि तिच्या मागच्या हौद्यात कोणी काय काय भरलं होतं ते देवालाच ठाऊक.

आता खरा भाग.

पहिल्या वेळी मी सगळ्यांना सुचतं तेच केलं. जुना फाळका नव्यावर ठेवला, छिद्रं आखली, ड्रिल मारलं. छिद्रं अगदी जुळली. फाळका लावला तर तो बंद धरणाऱ्या कड्यांपैकी डावीकडची बसली आणि उजवीकडची सहा मिलिमीटर बाहेर राहिली. मग कानस घेऊन छिद्रं लांबट केली. हा सल्ला तुम्हालाही कोणीतरी देईल. छिद्रं लांबट झाल्यावर फाळका बसला, दोन दिवस बसलेला राहिला आणि तिसऱ्या दिवशी बोल्ट सरकून पुन्हा जागेवर आला, म्हणजे चुकीच्या जागेवर. जुना फाळका वर्षानुवर्षं वाकड्या चौकटीसारखा, म्हणजे हौद्याच्या मागच्या उघड्या तोंडासारखा, वाकत गेला होता, आणि मी त्या वाकडेपणाची नक्कल सरळ पत्र्यावर उतरवली होती.

फाळका बिजागरीला बसवायचा नसतो, चौकटीला बसवायचा असतो. बिजागरी शेवटी.

म्हणून आधी चौकट तपासा. गाडी सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी हवी. एका कोपऱ्याखाली जॅक लावून काम करू नका, चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, पीळ बसतो आणि हौदा त्याच्याबरोबर फिरतो. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. तीन मिलिमीटरपर्यंतचा फरक मी सोडून देतो. त्याहून जास्त असेल तर हौदा चेसिसच्या मागच्या आडव्या तुळईला जिथे बोल्टने धरलेला असतो ते बोल्ट सैल करा, खालच्या बाजूला पातळ पट्ट्या घाला आणि पुन्हा मोजा. दोन्ही बाजूंच्या भिंतींमधलं अंतर वर आणि खाली वेगवेगळं मोजायला विसरू नका. फाळका नसताना भिंती वरून फाकतात, कारण दोन्ही बाजूंना एकत्र धरण्याचं काम बंद फाळकाच करत असतो. फाकलेल्या भिंती रॅचेट पट्ट्याने हळूहळू आत ओढा. एका दमात ओढाल तर रिव्हेट सैल होतील.

मग खुंट्या पाहा. दोन्ही बिजागरींच्या खुंट्या एकाच सरळ रेषेत हव्यात. लांब सरळ सळई किंवा ताणलेली तार दोन्हींच्या मध्यावर धरली की लगेच कळतं. ही तपासणी जवळपास कोणीच करत नाही, आणि म्हणूनच बंद असताना देखणा दिसणारा फाळका उघडताना कुरकुरतो, अडतो, आणि वर्षभरात बिजागरीच्या कोपऱ्याशी पत्रा चिरतो. एखादी खुंटी वाकलेली असेल तर ती सरळ करत बसू नका, बिजागरी बदला.

यानंतर चौकटीच्या कडेचं रबरी सील लावा. हो, छिद्रं पाडण्याआधी. रबर न लावता फाळका जुळवला आणि नंतर रबर चिकटवलं तर कड्या बंद होणार नाहीत, आणि त्या वेळी जे शब्द तोंडातून निघतात ते इथे लिहिता येत नाहीत. दुसऱ्या वेळी मी हेच केलं होतं.

आता बिजागरींचे फाळक्याकडचे भाग खुंट्यांवर मोकळे सरकवून ठेवा. नवा फाळका चौकटीत बंद स्थितीत उभा करा, दोन्ही बाजूंना आणि खाली तीन मिलिमीटरच्या लाकडी पट्ट्या खोचा आणि दोन्ही कड्या लावून टाका. फाळका आता जिथे असायला हवा तिथेच आहे आणि बिजागरीचा त्यात काही हात नाही. मागे चार पावलं जाऊन बघा. डोळ्याला तिरका वाटत असेल तर टेपवर नाही, डोळ्यावर विश्वास ठेवा. मनासारखं झालं की बिजागरीच्या पट्ट्या पत्र्याला टेकवून त्यांच्या छिद्रांतून खुणा करा. सेंटर पंच मारा, आधी बारीक ड्रिल, मग पूर्ण मापाचं. प्रत्येक बिजागरीत आधी एकच बोल्ट घाला, फाळका उघडून-मिटून बघा, आणि समाधान झालं तरच बाकीची छिद्रं पाडा. दुसरा माणूस लागतो. एकट्याने करायला गेलात तर फाळका पायावर पडतो, आणि त्याची कड बोथट नसते.

बोल्ट इंची मापाचेच घ्या. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, त्या छिद्रात सहाचा मेट्रिक बोल्ट घातला तर तो आत खेळतो.

हे सगळं उघड्या पत्र्यावर करायचं. मग फाळका उतरवा, छिद्रांच्या कडा साफ करा, प्रायमर आणि रंग द्या, पूर्ण वाळू द्या. घाईने चढवलेला फाळका कड्यांच्या जागी रंग सोलून देतो.

अंतिम जोडणीच्या वेळी एक गोष्ट टाळू नका. १९४८ साली ही गाडी आली तेव्हा युद्धानंतर पोलादाची टंचाई होती, म्हणून बॉडीला अॅल्युमिनियमचा मिश्रधातू वापरला गेला. तो पत्रा तांबडा गंजत नाही, पण पोलादी बिजागरीला थेट टेकला आणि मध्ये पाणी शिरलं की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. जुन्या फाळक्यावर बिजागरीखाली पांढरी भुकटी आणि फुगलेला रंग दिसतो तो त्यामुळेच. बिजागरी आणि पत्रा यांच्यामध्ये पातळ रबर किंवा नायलॉनची पट्टी घाला, बोल्टखाली नायलॉनचे वॉशर, आणि छिद्राच्या आतल्या कडेलाही रंगाचा हात फिरवा. स्टेनलेसचे बोल्ट लावले म्हणजे प्रश्न मिटला, हा गैरसमज आहे. अॅल्युमिनियमशी स्टेनलेसचंही जमत नाही.

साखळ्या शेवटी. फाळका आडवा असताना दोन्ही सारख्याच ताणलेल्या हव्यात. एक ढिली असेल तर सगळा भार दुसरीवर आणि एकाच बिजागरीवर येतो, आणि फाळका पिळायला सुरुवात होते. साखळीचा एक दुवा कमी-जास्त करून जुळवा. साखळीवर आवरण नसेल तर जुनी रबरी नळी कापून चढवा, नाहीतर नवा रंग पहिल्याच खडबडीत रस्त्यावर जाईल.

शंभरेक किलोमीटर चालवल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा; पट्टी दबते आणि ते अर्धा फेरा तरी ढिले झालेले असतात.