नेट बंद पडलं की लगेच रिसेट? राउटर सांभाळताना या चुका टाळा

मे महिन्यात कोल्हापुरात वळवाचा पाऊस सुरू झाला की संध्याकाळी लाईट जाते, आणि परत आल्यावर कुणाच्या तरी घरातलं नेट येत नाही. मग सिम काढायची पिन शोधली जाते, राउटरच्या मागच्या बारीक भोकात घातली जाते आणि दहा-पंधरा सेकंद दाबून धरली जाते. दिवे विझतात, परत लागतात. आता नेट तर नाहीच, पण रोजचं वायफायचं नावसुद्धा मोबाईलवर दिसत नाही.

ओळखीच्यांच्या घरून येणाऱ्या तक्रारींत ही सर्वांत जास्त वेळा ऐकायला मिळते. रीस्टार्ट आणि रिसेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रीस्टार्ट म्हणजे बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं. यात काहीही पुसलं जात नाही. रिसेट केल्यावर मात्र राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. वायफायचं नाव आणि पासवर्ड तर जातातच. पण खरं नुकसान पुढचं आहे. बऱ्याच कनेक्शनला पीपीपीओईचा, म्हणजे नेट कंपनीकडे लॉगिन होण्याचा, युजरनेम-पासवर्ड लागतो, काही ठिकाणी व्हीलॅनचा (कंपनीच्या लाईनमधला तुमच्या नेटचा वेगळा मार्ग) नंबरही टाकावा लागतो. तेही पुसलं जातं. बसवताना नेटवाल्या पोराने ते टाकलेलं असतं, घरात कुणाकडेच लिहिलेलं नसतं. आणि पावसाच्या दिवशी तो पोरगा कुठल्यातरी खांबावर तुटलेली फायबर जोडत असतो, तुमचा नंबर दुसऱ्या दिवशीच लागतो.

म्हणून माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे: राउटरमध्ये काहीही बदलण्याआधी, आहे ते जपून ठेवा. पेठांतल्या कितीतरी घरांत आई-वडील एकटे असतात, मुलं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला. रात्रीचा व्हिडिओ कॉल हाच त्यांचा रोजचा आधार. तो दोन-दोन दिवस तुटतो, आणि कारण एवढंच की एक फाईल आधी उतरवून ठेवली नव्हती. हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणून जास्त लागतं.

बॅकअप न घेणं

मोबाईल वायफायला जोडा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका. नक्की कोणता ते राउटरच्या बुडाच्या स्टिकरवर असतं. आत सगळ्यांत शेवटी ‘सिस्टीम टूल्स’, ‘अॅडमिनिस्ट्रेशन’ किंवा ‘मेंटेनन्स’ अशा नावाचा विभाग असतो. तिथे ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ दिसेल. बॅकअप दाबलं की एक छोटी फाईल उतरते, सगळी सेटिंग्ज तिच्यात असतात. राउटर कधी कोरा झालाच, तर तीच फाईल परत चढवायची. साधारणपणे ती त्याच मॉडेलला चालते, नवा राउटर घेतला तर उपयोग नाही. म्हणून वॅन सेटिंगच्या (बाहेरून येणाऱ्या नेटच्या जोडणीच्या) पानाचा फोटो काढा आणि पीपीपीओईचा युजरनेम-पासवर्ड नेटवाल्याकडून मागून डायरीत लिहून ठेवा. ही माहिती तुमच्याच कनेक्शनची आहे, मागायला संकोच नको.

त्या फाईलमध्ये पासवर्डही असू शकतात, तेव्हा ती घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका.

दिवे आणि लॉग न बघताच बंद-चालू करणं

आधी फायबरच्या डब्यावर (बाहेरची फायबर ज्यात येते तो डबा) एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, दिवा बघा. तो लाल असेल तर डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही. फायबर तुटली आहे, वाकली आहे किंवा मागची पिन सैल झाली आहे. अशा वेळी कुठलंही सेटिंग बदलून काही होणार नाही. पिन हलक्या हाताने नीट बसवून बघा, नाहीतर सरळ तक्रार द्या.

एलओएस बंद आहे, पॉनचा (फायबर जोडली गेल्याचा) दिवा स्थिर आहे आणि तरी नेट नाही, तर ‘सिस्टीम लॉग’, म्हणजे राउटरने ठेवलेली घडामोडींची नोंद, उघडा. वायफाय चालू असलं की नेट नसतानाही हे पान उघडतं. पीपीपीओईच्या ओळीत ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ असेल तर युजरनेम-पासवर्ड चुकलाय किंवा रिचार्ज संपलाय. ‘टाइमआउट वेटिंग फॉर पीएडीओ’ असेल तर तुमचा राउटर हाका मारतोय आणि पलीकडून उत्तर येत नाही, म्हणजे अडचण बहुधा लाईनमध्ये किंवा नेटवाल्याकडे. बहुतेक घरगुती राउटरमध्ये हा लॉग तात्पुरत्या मेमरीत असतो, बंद केला की पुसला जातो. तेव्हा आधी फोटो, मग बटण.

घड्याळाकडे दुर्लक्ष

हे सेटिंग कुणीच उघडत नाही, आणि याच्यामुळे होणारा घोळ लवकर कळतही नाही.

एका वहिनींनी दहावीतल्या मुलासाठी रात्री १० ते सकाळी ६ नेट बंद राहील असं पॅरेंटल कंट्रोल लावलं होतं. पण मुलगा रात्री निवांत व्हिडिओ बघायचा, आणि सकाळी क्लासची लिंक उघडायला गेला की नेट नाही. मुलाने काहीतरी करून ठेवलंय असं वाटून घरात रोज वाद. खरं कारण टाइम झोन होतं. राउटर जीएमटीवर होता आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे बंदी लागायची पहाटे ३:३० ला आणि उठायची सकाळी ११:३० ला. पोराचा काही दोष नव्हता.

टाइम सेटिंगमध्ये जीएमटी +०५:३० निवडा. यादीत ते कोलकाता, चेन्नई किंवा मुंबईच्या नावाने असतं. डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणं) बंद ठेवा, ते आपल्याकडे नाही. वेळ हाताने भरू नका, एनटीपी (नेटवरून वेळ आपोआप घेणं) चालू ठेवा. घरगुती राउटरच्या घड्याळाला सहसा बॅटरी नसते, लाईट गेली की ते विसरतं. काही मॉडेल थेट १९७० सालात जातात. नेट आल्यावर एनटीपीने वेळ आपोआप जुळते. लॉगमध्ये १९७० दिसलं तर घाबरू नका, पण नेट चालू असूनही तेच दिसत असेल तर एनटीपी बघा.

फर्मवेअर कधीही, कुठलंही चढवणं

फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करायलाच हवं, त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. पण मध्येच लाईट गेली तर राउटर कायमचा निकामी होऊ शकतो. ढग भरून आलेत, लाईट ये-जा करतेय, अशा संध्याकाळी हे काम काढू नका. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस (लाईट गेली तरी राउटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी) असेल तर उत्तम, फक्त तुमच्या राउटरच्या अॅडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत ते आधी जुळवा, काही राउटर ९ व्होल्टचे असतात.

एकाच नावाच्या मॉडेलच्या व्ही १, व्ही २, व्ही ३ अशा आवृत्त्या असतात आणि एकीचं फर्मवेअर दुसरीला चालत नाही. स्टिकर वाचा, बॅकअप घ्या, वायफायऐवजी लॅन केबलने जोडून अपडेट करा. नेट कंपनीने दिलेला फायबरचा डबा असेल तर इंटरनेटवरून फाईल उतरवून त्यात घालू नका. त्याचं अपडेट कंपनी तिकडून करते.

अॅडमिन पासवर्ड तसाच ठेवणं

वायफायचा पासवर्ड वेगळा, राउटर उघडायचा वेगळा. पहिला लोक बदलतात, दुसरा ‘अॅडमिन-अॅडमिन’च राहतो. अंबाबाईच्या देवळाच्या आसपास छोटी लॉज, खानावळी आहेत, तिथे वायफायचा पासवर्ड भिंतीवरच लावलेला असतो. तिथल्या राउटरचा अॅडमिन पासवर्ड बदललेला नसेल, तर जेवायला बसलेला कुणीही मालकाची सेटिंग्ज बदलू शकतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या मालवेअरने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, तेही असेच कारखान्यातले पासवर्ड वापरून. पासवर्ड बदला, गिऱ्हाइकांना गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय) द्या. रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटर उघडण्याची सोय) आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफायला जोडण्याची सोय) बंद करा.

वरच्या मजल्यावर दुसरा राउटर तसाच जोडणं

जुन्या घरांच्या जाड भिंतींमुळे वर रेंज जात नाही, म्हणून जुना राउटर वर लावतात. दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि दोघांचं डीएचसीपी (मोबाईलला आपोआप पत्ता वाटणारी सोय) चालू. मग एका मोबाईलला नेट मिळतं, दुसऱ्याला नाही, आणि दोष येतो नेटवाल्यावर. दुसऱ्या राउटरला अॅक्सेस पॉइंट मोड (फक्त वायफाय पसरवण्याचा मोड) असेल तर तो निवडा. नसेल तर त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी बंद करा आणि केबल दोन्हीकडे लॅनच्या पोर्टमध्ये घाला.

वीज आणि पाणी

फायबरमधून करंट येत नाही, पण अॅडॉप्टर आणि लांबच लांब ओढलेल्या तांब्याच्या लॅन केबलमधून येतो. ढग भरून आले की कडकडाट सुरू होण्याआधीच दोन्ही काढा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चा पंचगंगेचा पूर ज्यांनी घरात पाहिलाय, त्यांनी राउटर खालच्या सॉकेटजवळ ठेवूच नये. पाणी चढायला लागलं तर अॅडॉप्टरसकट वर न्या, फायबर काढताना तिला घडी पडू देऊ नका आणि काढलेल्या टोकाला टोपी लावा. ओल लागलेला डबा पूर्ण वाळेपर्यंत लाईटला जोडू नका.