तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर रोज खेळावे कसे? पुण्यातील आई-वडिलांसाठी

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि त्यांतील किमान ६० मिनिटे दम लागेल अशी धावपळ असावी. हा आकडा ऐकून दडपण घेऊ नये. बालवाडीतले खेळ, जिन्याची चढउतार, घरातली पळापळ असे सगळेच त्यात धरले जाते. आई-वडिलांनी त्यातला अर्धा-पाऊण तास स्वतःकडे घ्यावा आणि त्या वेळात बाकावर बसून लक्ष ठेवण्याऐवजी मुलाबरोबर खरोखर खेळावे.

सर्वप्रथम वेळ ठरवावी. ‘जमेल तेव्हा खेळू’ असे म्हटले की ते सहसा जमत नाही. म्हणून कामावरून आल्यावर चहा झाला की खाली उतरायचे, असा एखाद्या नेहमीच्या गोष्टीला जोडून नेम करावा. महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, तेव्हा जवळच्या बागेची वेळ फाटकावरील पाटीवर आधी पाहून घ्यावी.

त्यानंतर वयाला झेपेल असा खेळ निवडावा. तीन वर्षांचे मूल दोन्ही पायांनी उड्या मारते, पण एका पायावर उडी मारणे साधारणपणे चौथ्या वर्षी जमू लागते. त्यामुळे लहानग्यांबरोबर ‘डोंगर का पाणी’ खेळावे, त्यासाठी सोसायटीतला कट्टा आणि दोन पायऱ्या पुरतात; लंगडी थोडी थांबून सुरू करावी. लगोरीसाठी चपट्या फरशीचे तुकडे आणि मऊ चेंडू घ्यावा. आईने आणि बाबांनी आळीपाळीने राज्य घ्यावे. मूल पकडायला धावते तेव्हा त्याच्या हाती लागण्याइतकेच हळू पळावे, मात्र प्रत्येक वेळी मुद्दाम हरू नये, कारण ते मुलांच्या लगेच लक्षात येते.

आठवड्यातून एकदा टेकडीवर जावे. पुणेकरांना हे भाग्य घराजवळ लाभले आहे, आणि मला स्वतःला हा या साऱ्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. सुरुवात पर्वतीच्या पायऱ्यांनी करावी. त्या रुंद आहेत आणि मध्ये थांबता येते. ते सरावाचे झाल्यावर तळजाई, हनुमान टेकडी किंवा वेताळ टेकडीकडे वळावे. निघताना चांगल्या तळाचे बूट, टोपी, पाणी आणि चिक्की किंवा केळे एवढे पुरे. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी परत फिरता येईल अशा बेताने निघावे आणि तहान लागल्याचे मूल सांगेल याची वाट न पाहता मधूनमधून दोन-दोन घोट पाजावेत. माथा गाठलाच पाहिजे असा हट्ट धरू नये. मूल मुंग्यांच्या रांगेपाशी उकिडवे बसले तर आपणही बसावे, कारण उठल्यावर ते आपणहून पुढे पळते.

खरी काळजी उतरताना घ्यावी लागते. वाटेवरच्या सुट्या मुरुमावरून पाय सटकतो आणि मुलांना उतारावर धावायची हुक्की येते. अशा वेळी आपण मुलाच्या खालच्या बाजूला राहावे, त्याला बेतशीर पावले टाकायला सांगावे आणि दंड खेचून धरण्याऐवजी त्याला आपले बोट धरू द्यावे. खरचटलेच, तर जखम स्वच्छ पाण्याने धुवावी आणि जरा बसून मग निघावे.

पावसाळ्यात या वाटा निसरड्या होतात, तेव्हा संततधार असेल तर घरातच खेळावे. फरशीवर खडूने चौकोन आखून उड्या माराव्यात, फुगडी घालावी, गादीवर कोलांट्या उड्या शिकवाव्यात. मात्र कोलांटीच्या वेळी मुलाची हनुवटी छातीला टेकलेली आहे ना, हे पाहावे आणि आपला एक हात त्याच्या मानेमागे असू द्यावा.