केबिनमध्ये लक्ष कुठे असतं? नव्या एमआर मुलामुलींसाठी

एमआरच्या, म्हणजे डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणाऱ्या कंपनी प्रतिनिधीच्या, नोकरीत नव्याने लागलेली मुलं मला हमखास एकच प्रश्न विचारतात, "सर, कॉन्फिडन्स कसा आणायचा?" बी.फार्म किंवा बी.एस्सी. झालेलं असतं, प्रॉडक्ट ट्रेनिंग झालेलं असतं, टायची गाठही नीट बसलेली असते. पण डॉक्टरांच्या केबिनचं दार ढकललं की घसा कोरडा पडतो. मी साताऱ्याला एमआर म्हणून सुरुवात केली, आता त्याच पट्ट्यात एरिया मॅनेजर म्हणून या मुलांबरोबर जॉइंट वर्क करतो, म्हणजे त्यांच्यासोबत डॉक्टरांना भेटायला जातो. मी त्यांना उलट विचारतो, "कॉन्फिडन्सचं नंतर बघू. आत असताना तुझं लक्ष कुठे होतं?"

बहुतेकांना सांगता येत नाही. जरा खोदून विचारलं की बाहेर पडतं: आवाज कापतोय का, कपाळावर घाम दिसतोय का, पुढची ओळ कोणती, मागे उभे असलेले मॅनेजर काय म्हणतील. कॉल, म्हणजे डॉक्टरांची एक भेट, दोन मिनिटांचा, आणि त्यातला बराचसा वेळ पोरगा स्वतःलाच न्याहाळत असतो. डॉक्टरांच्या वाट्याला उरलंसुरलं लक्ष येतं, आणि ते त्यांना लगेच कळतं. दिवसभर पेशंटचे चेहरे वाचणारी माणसं आहेत ती.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली चारचौघांत वाटणाऱ्या भीतीची मांडणी केली, ती मला आमच्या धंद्याला चपखल बसते असं वाटतं. घाबरलेल्या माणसाचं लक्ष आत वळतं. आपण लोकांना कसे दिसत असू याचं एक चित्र तो मनात तयार करतो आणि ते चित्र तो बनवतो स्वतःच्या धडधडीवरून. आतून जेवढं हललंय तेवढंच बाहेरून दिसत असणार, असं धरून चालतो. समोरच्याच्या चेहऱ्यावर खरंच काय आहे ते बघायचं राहूनच जातं, त्यामुळे ते चित्र चुकीचं होतं हे त्याला कधी कळतच नाही.

कोरेगावला एका फिजिशियनकडे एका नव्या मुलाबरोबर गेलो होतो. मुलगा हुशार, पाठांतर पक्कं. टॅबवर कॅल्शियमची स्लाइड चालू होती. डॉक्टर मध्येच कंपाउंडरला म्हणाले, "त्या आजींना परत आत घे रे, रॅमिप्रिल चालू केल्यापासून खोकतायत." रॅमिप्रिल ही बीपीची गोळी, आणि आमच्या बॅगेत टेल्मिसार्टन होतं, तीही बीपीचीच. रॅमिप्रिलच्या गटातल्या गोळ्यांनी काही पेशंटना कोरडा खोकला लागतो आणि टेल्मिसार्टनने तो सहसा लागत नाही, हे ट्रेनिंगच्या सुरुवातीलाच शिकवतात. मुलगा जराही न अडखळता व्हिटॅमिन डी३ च्या स्लाइडवर गेला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "डॉक्टर खोकल्याचं काय म्हणाले?" तो म्हणाला, "खोकल्याचं? कधी?"

ज्ञान त्याच्याकडे होतं, चहाच्या टपरीवर त्याने मला रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टनमधला फरक घडाघडा सांगितला. कमी पडले ते कान. तीन हात अंतरावर बोललेलं वाक्य त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. अशा वेळी आमच्यातले काही जण "अजून प्रॅक्टिस कर, आरशासमोर उभा राहून बोल" असा सल्ला देतात. मला तो पटत नाही. आरशासमोर बोलून बोलून सवय लागते ती बोलता बोलता स्वतःलाच बघायची, आणि दुखणं नेमकं तेच आहे. त्यापेक्षा रूममेटला डॉक्टर करा आणि त्याला सांगा की मध्येच तोडून काहीतरी असंबद्ध विचार. मोबाइलवर रेकॉर्ड करून नंतर बघणं मात्र चांगलं. बोलताना बघायचं नसतं, आणि बघताना कळतं की वाटला होता तेवढा आवाज कापत नव्हता.

लक्ष वळवणं ही सवय आहे, सरावाने येते. वेल्स यांनी १९९० मध्ये एक व्यायाम मांडला. तो मूळचा उपचारातला आहे, पण करायला साधा. आउटस्टेशनच्या दिवशी एसटी स्टँडवर बस येईपर्यंत आपण नाहीतरी रील्सच बघतो. त्याऐवजी बाकावर बसा आणि समोरच्या वेळापत्रकाच्या पाटीवर नजर स्थिर ठेवा. आता आवाज निवडा: रसवंतीच्या चरकाचे घुंगरू, फलाटाची घोषणा, उभ्या बसच्या इंजिनाची घरघर, शेजारच्या बाईंचं फोनवरचं बोलणं, लांबचा एखादा हॉर्न. पहिली पाचेक मिनिटं एका वेळी एकच आवाज धरायचा, बाकीचे चालू असले तरी चालू द्यायचे. घुंगरू म्हणजे फक्त घुंगरू. मग दुसरा. पुढची पाचेक मिनिटं भराभर उड्या: घुंगरू, घोषणा, इंजिन, परत घुंगरू. शेवटची दोन मिनिटं सगळे आवाज एकदम ऐकायचा प्रयत्न. तो पूर्ण जमत नाही, जमायची गरजही नाही.

बारा मिनिटांचं काम आहे, पण मुलं एक घोटाळा करतात. भीती वाटायला लागली की ती घालवायला हा व्यायाम करायला बसतात. तसं करू नका. हा शांत असताना करायचा. हेतू एवढाच, की लक्ष कुठे न्यायचं हे आपल्या हातात आहे याची खात्री पटावी. मध्ये "सेल्स क्लोजिंगला काय होणार" असा विचार आला तर त्याच्याशी भांडू नका. हॉर्नसारखाच तोही एक आवाज समजा, वाजू दे. पहिल्या आठवड्यात कंटाळा येतो, त्याला इलाज नाही.

आता प्रत्यक्ष कॉल. खरं काम दवाखान्याबाहेर, ताटकळत बसताना सुरू होतं. मान खाली घालून स्लाइड घोकण्याऐवजी ओपीडी बघा. लहान मुलं जास्त आहेत की म्हातारी माणसं? लोक गुडघा धरून उठतायत का? भिंतीवर कसले तक्ते लागलेत? शेजारच्या केमिस्टकडे आरसीपीए, म्हणजे कोणत्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कोणती औषधं जातात याची चौकशी, नीट केला असेल तर डॉक्टर काय लिहितात हे आधीच माहीत असतं. एवढं बघून आत गेलात की डोक्यात एक खराखुरा प्रश्न तयार असतो, आणि ज्याला खरंच काही विचारायचंय तो माणूस आपोआप सरळ उभा राहतो. कंपाउंडरकडेही नीट बघून, नावाने बोला. कोणाला कधी आत सोडायचं हे पुष्कळदा तोच ठरवतो.

आत गेल्यावर डॉक्टरांच्या पेनाकडे बघा. पेन चालू असेल तर तोंड उघडायचं नाही. पेन थांबलं, मान वर आली, मग "नमस्कार सर". त्या तीन-चार सेकंदांची शांतता नव्या मुलांना खायला उठते आणि ती भरायला ते लगेच सुरू होतात, मग डॉक्टर खाली बघून लिहितायत आणि हा त्यांच्या टकलाला औषधाचं डिटेलिंग करतोय असं दृश्य तयार होतं. थांबता येणं हाच निम्मा रुबाब आहे. बोलताना डॉक्टर मोबाइलकडे वळले तर वाक्य अर्धं सोडा, त्यांची नजर परत आली की तिथून पुढे चला. आणि ते बोलायला लागले की त्यांचं वाक्य संपेपर्यंत आपलं पुढचं वाक्य जुळवायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण मला हे अंगवळणी पडायला फार वेळ लागला.

आधार म्हणून आपण काही चाळे करत असतो, तेही तपासा. टॅब छातीशी घट्ट धरणं, पाठ केलेलं एका दमात संपवणं, प्रत्येक वाक्यात तीनदा "सर", उगाच हसत राहणं. यांनी सुटल्यासारखं वाटतं खरं, पण "यामुळेच निभावलं" अशी समजूत पक्की होते आणि लक्ष परत स्वतःकडे येतं. एका दिवशी यातला एकच चाळा सोडून बघा, ओळखीच्या, शांत स्वभावाच्या डॉक्टरांकडे. काय बिघडलं ते संध्याकाळी कॉल रिपोर्ट भरताना लिहा. जमलं तर प्रत्येक कॉलपुढे डॉक्टरांबद्दल एक नवी गोष्ट टिपून ठेवा. "मी बरा बोललो" असं लिहू नका, ते परत स्वतःचंच कौतुक.

कपडे, बूट, इंग्रजी यावर मी फार बोलत नाही. स्वच्छ असावं, बस. तालुक्याच्या गावी डॉक्टर मराठीत बोलत असतील तर आपणही मराठीतच बोलावं. शिवाय मार्च २०२४ च्या केंद्र सरकारच्या औषध कंपन्यांसाठीच्या आचारसंहितेने डॉक्टरांना वैयक्तिक भेटवस्तू देणं बंद केलंय. रिकाम्या हाताने जाणाऱ्या माणसाकडे देण्यासारखं असतं ते लक्षच.

सायकल मीटिंगची, म्हणजे कंपनीच्या ठरावीक काळाने होणाऱ्या टीमच्या बैठकीची, भीती जरा वेगळी. तिथे सगळ्यांसमोर रोल प्ले करायचा असतो आणि एक शब्द अडला तरी हॉलभर लोकांनी तो टिपला असं वाटतं. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले प्रयोग २००० साली प्रसिद्ध केले. त्यात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा, एका गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं होतं. खोलीतल्या जवळपास निम्म्या लोकांच्या ते लक्षात आलं असेल, असा त्यांचा अंदाज. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांनाच चित्र कुणाचं ते सांगता आलं. आमच्या मीटिंगमध्ये तर पुढच्या रांगेतला प्रत्येक जण स्वतःचा नंबर कधी येतो या काळजीत असतो, तुमचं ऐकतंय कोण!

पण काहींचं दुखणं यापेक्षा खोल असतं. दवाखान्यासमोरून गाडी वळवून परत जाणं, न केलेले कॉल रिपोर्टमध्ये टाकणं, सोमवारी सकाळी उलट्या होणं. मॅनेजर लोक याला कामचुकारपणा म्हणतात. पुष्कळदा ती निव्वळ भीती असते, महिनोन्‌महिने साठलेली. तिथे स्टँडवरचा व्यायाम पुरत नाही, तज्ज्ञ लागतो, आणि या त्रासावर चांगले उपचार आहेत. आपल्या कॉल लिस्टमध्ये सायकियाट्रिस्ट असतातच. ओळखीच्या डॉक्टरांकडे जायचा संकोच वाटला तर दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे जा, पण बॅग घरी ठेवून, केसपेपर काढून, पेशंट म्हणून जा. आधी नुसतं फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.