मोर्चा एक, बातम्या तीन: राजकीय बातमी पारखायची कशी

डिसेंबरात नागपुरात अधिवेशन भरलं की आमच्या वस्तीतल्या वाचनालयाचं लांब टेबल सकाळी आठलाच भरून जातं. मोर्चा एकच, मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर अडवलेला. एका पेपरात तो ‘विराट’, दुसऱ्यात ‘शेकडोंचा’, तिसऱ्यात सातव्या पानावर एक कॉलम: ‘मोर्चामुळे वाहतुकीचा खोळंबा’. तिन्हींत धादांत खोटं असं एकही वाक्य सापडत नाही. मग टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी म्हणतं, “सगळे विकले गेले बाप्पा!” आणि पेपर घडी होऊन बाजूला पडतो.

मला हे वाक्य आळशी वाटतं. तराजू किती ग्रॅमनं मारतो हे ठाऊक असेल तर त्याच तराजूवर मालाचं खरं वजन काढता येतं. झुकलेल्या पेपराचंही तसंच. तो किती आणि कुठे मारतो, ते शोधायची ही माझी पद्धत.

आधी शेवटची ओळ वाचा

पेपराच्या शेवटच्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं असतात. ती छापणं कायद्यानं बंधनकारक आहे, आधी १८६७ चा कायदा होता. आता १ मार्च २०२४ पासून त्या कायद्याची जागा नव्या कायद्यानं घेतली आहे. ही नावं एकदा वहीत उतरवून घ्या आणि त्यांचं सार्वजनिक आयुष्य कुठे गेलं ते पाहा.

नागपुरात हे लपलेलंही नाही. ‘तरुण भारत’ संघविचाराचा, हे त्याचे वाचकच अभिमानानं सांगतात. ‘लोकमत’चे जवाहरलाल दर्डा काँग्रेसचे मंत्री होते, पुढे विजय दर्डा राज्यसभेत गेले. ‘सामना’ तर १९८८ पासून शिवसेनेचं मुखपत्र म्हणूनच निघतो, पक्ष फुटल्यापासून उद्धव ठाकरे गटाचं. इंग्रजी ‘हितवाद’ची गंमत वेगळी. १९११ मध्ये तो गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजानं सुरू केला. नंतर तो बनवारीलाल पुरोहितांकडे आला. पुरोहित नागपूरचे खासदार झाले ते आधी काँग्रेसकडून आणि १९९६ मध्ये भाजपकडून. म्हणजे मालकाचं नाव एकदा लिहून घेऊन भागत नाही, दर दोन-तीन वर्षांनी ते पान पुन्हा तपासावं लागतं.

वृत्तवाहिनीला आणि यूट्यूब चॅनलला अशी तळाची ओळ नसते. तिथे ‘आमच्याविषयी’ हे पान उघडा. त्यावर माणसाचं नाव नाही, पत्ता नाही, नुसतं ‘निर्भीड, निःपक्ष’ असं लिहिलेलं असेल, तर मी तिथली बातमी दुसरीकडे दिसेपर्यंत बाजूला ठेवतो.

जाहिरातीही मोजा. सरकारची पानभर जाहिरात ज्या दिवशी असेल, त्याच दिवशी त्या सरकारवरची टीका कितव्या पानावर गेली ते बघा. एका दिवसावरून काही ठरत नाही, महिनाभर बघितलं तर अंदाज येतो.

मग दोन विरोधी पेपर शेजारी ठेवा

एकाच घटनेची बातमी एकमेकांशी न पटणाऱ्या दोन पेपरांतून घ्या आणि दोघांनीही मान्य केलेल्या गोष्टी पेन्सिलीनं अधोरेखित करा. तारीख, जागा, कोण बोललं, कोणता ठराव. तेवढं बहुधा पक्कं असतं. उरलेला मजकूर हा त्या-त्या पेपराचा मसाला.

यातला सगळ्यात उपयोगी नियम असा: पेपर स्वतःच्या बाजूविरुद्ध काही छापतो तेव्हा त्याचं वजन जास्त धरा. सत्ताधाऱ्यांच्या पेपरात ‘आमदारांची सभागृहात दांडी’ असं आलं, तर ते विरोधकांच्या पेपरातल्या दहा बातम्यांपेक्षा भारी. त्याला ते छापून मिळणार काही नसतं. झुकलेला पेपर वाचायचा तो याचसाठी.

आणि न आलेली बातमी शोधा. हे सर्वांत अवघड काम आहे, कारण कोऱ्या जागेला मथळा नसतो. दुसऱ्या पेपरात पहिल्या पानावर असलेली गोष्ट तुमच्या पेपरात कुठेच नाही, असं आठवड्यात दोनदा झालं तर तारखेसकट टिपून ठेवा.

शब्दांवर थांबा

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण मराठीत कल दाखवायच्या युक्त्या व्याकरणातच दडलेल्या आहेत.

२३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात ११४ जीव गेले. पोलिसांचा लाठीमार आणि चेंगराचेंगरी, दोन्ही त्या दिवसाचा भाग. आज कुणी त्याला ‘दुर्घटना’ म्हणतं, कुणी ‘चेंगराचेंगरी’, कुणी ‘हत्याकांड’. सीताबर्डीच्या स्मारकावर ‘शहीद’ हा शब्द आहे. आकडा तोच राहतो. ‘दुर्घटना’ म्हटलं की जबाबदार कुणीच उरत नाही, ‘हत्याकांड’ म्हटलं की कुणीतरी मारलं असं ठरूनच जातं. बातमीत नाम कोणतं निवडलं, ते पहिल्यांदा बघायचं ते यासाठी.

क्रियापदाचंही तसंच. ‘पोलिसांनी लाठ्या चालवल्या’ आणि ‘सौम्य लाठीमार झाला’ यात कर्ता कुठे गेला? शाळेत प्रयोग ओळखायला लावायचे, तेव्हा कंटाळा यायचा. आता रोज कामाला येतात. ‘दगडफेक झाली’ वाचलं की स्वतःलाच विचारा, कुणी केली? बातमीत त्याचं उत्तर नसेल, तर एकतर बातमीदाराला ते माहीत नाही किंवा सांगायचं नाही.

आदरार्थी रूपांकडे तर फारसं कुणाचं लक्षच जात नाही. एका नेत्याला ‘साहेब’, ‘भाऊ’ आणि ‘ते म्हणाले’. दुसऱ्याचं नुसतं आडनाव, आणि तो ‘बरळला’. ‘स्पष्ट केलं’, ‘दावा केला’, ‘कबुली दिली’ आणि ‘घूमजाव केलं’ ही चारही क्रियापदं एकाच वाक्याला लावता येतात. ती खोडून चारही ठिकाणी ‘म्हणाले’ लिहा आणि बातमी पुन्हा वाचा. बहुतेक वेळा निम्मी हवा निघून जाते.

‘राजकीय वर्तुळात चर्चेला उधाण’ म्हणजे बातमीदार आणि त्याचे दोन मित्र. हे थोडं खवचट झालं, पण फार चुकीचं नाही. नाव न घेता दिलेली माहिती कधी कधी खरी निघते. पण ‘सूत्र’ कुठलं, मंत्रालयातलं की पक्ष कार्यालयातलं, एवढंही सांगितलेलं नसेल, तर ती बातमी पेन्सिलीनंच लिहिलेली समजा.

आकडा एक, मथळे दोन

नागपूर लोकसभेचा निकाल घ्या. ४ जून २०२४ ला नितीन गडकरी सुमारे १ लाख ३७ हजार मतांनी जिंकले. ‘गडकरींची हॅटट्रिक’ हे खरं. २०१४ चं मताधिक्य सुमारे २ लाख ८५ हजार होतं, २०१९ चं २ लाख १६ हजार, म्हणून ‘गडकरींचं मताधिक्य सलग दुसऱ्यांदा घटलं’ हेही खरं. आपल्या पेपरानं कोणतं खरं मथळ्यात घेतलं आणि कोणतं गाळलं, यावरून त्याचा कल दिसतो. आकडा एकटा दिसला की आधीचे दोन शोधायचे. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते मिळतात, दहा मिनिटंही लागत नाहीत.

गर्दीच्या आकड्याला स्वतःची पट्टी लावा. अमेरिकेतले पत्रकार-प्राध्यापक हर्बर्ट जेकब्स यांनी साठच्या दशकात सोपा हिशेब दिला. सैल गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार. आता ५० फूट रुंद रस्ता ६०० फूट भरला असेल तर जागा ३०,००० चौरस फूट, म्हणजे सैल धरून ३ हजार माणसं, दाट धरून साडेसहा हजारांच्या आसपास. ‘लाखाचा मोर्चा’ त्याच रस्त्यावर मावायचा असेल तर पावणेतीन किलोमीटर दाट रांग हवी. फोटोत टोक दिसतंय का? लांब भिंगाच्या कॅमेऱ्यानं समोरून घेतलेल्या फोटोत शंभर झेंडेही समुद्रासारखे दिसतात, म्हणून वरून काढलेला फोटो शोधा.

घोषणा कितव्या पायरीवर आहे?

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत विदर्भासाठी घोषणा होतात आणि दुसऱ्या दिवशी ‘विदर्भाला इतके हजार कोटी’ असा मथळा येतो. पायऱ्या लक्षात ठेवा: सभागृहात घोषणा, तत्त्वतः मान्यता, शासन निर्णय, प्रशासकीय मान्यता, निधीची तरतूद, निविदा, कार्यादेश. ‘तत्त्वतः मान्यता’ म्हणजे अजून कुदळ विकतही घेतलेली नाही. सरकारच्या बाजूचा पेपर पहिल्या पायरीलाच शेवटची म्हणतो. विरोधी पेपर पाचव्या पायरीवर पोचलेल्या कामालाही ‘गाजर’ म्हणतो. शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मराठीत असतात. तो उघडून रक्कम आणि वर्ष बघितलं की वाद संपतो. निदान माझा तरी संपतो.

व्हिडिओ, क्लिप आणि पडताळणी करणारे

वीस सेकंदांची क्लिप आली की पूर्ण भाषण शोधा आणि त्याच्या आधीचं व नंतरचं वाक्य ऐका. पडताळणी करणाऱ्या संस्थांचंही ऐका, पण त्यांनी पुरावा समोर ठेवला आहे का तेही पाहा. सरकारचा स्वतःचा पडताळणी विभाग सरकारविषयीची बातमी खोटी ठरवतो, तेव्हा तो पक्षकारच असतो. माहिती तंत्रज्ञान नियमांच्या २०२३ च्या दुरुस्तीनं केंद्र सरकारच्या अशा कक्षाला कायद्याचं बळ मिळणार होतं. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये ती दुरुस्ती रद्द केली.

दंगलीच्या रात्री मात्र काहीच पडताळत बसू नका, काहीच पुढेही पाठवू नका. १७ मार्च २०२५ ला नागपूरच्या महाल भागात हिंसाचार झाला, त्या रात्री शहरातल्या मोबाइलांवर अफवांचा पूर होता. सकाळच्या पेपराची वाट बघा.

शेवटी स्वतःचा तराजू

बातमीतल्या दोन पक्षांची नावं अदलाबदल करून ती मोठ्यानं वाचा. आता राग आला का? मगाशी का नव्हता आला? मागच्या निवडणुकीत एका पुलाला तडा गेल्याचा फोटो मी स्वतः चार गटांत पाठवला होता. फोटो दुसऱ्या राज्यातला, तोही जुना. मला तो खरा वाटला कारण मला तो खरा असायला हवा होता. दुरुस्तीचा संदेश मी दोनच गटांत टाकला, हेही सांगून टाकतो.

घरच्या गटावर ‘हे खोटं आहे’ असं कधी लिहू नका, त्यातून फक्त भांडण होतं. प्रश्न विचारा. आमच्या काकांनी परवा एक कात्रण टाकलं, वरची तारीख कापलेलं. मी एवढंच लिहिलं, “काका, हे कोणत्या पेपरातलं आणि कधीचं?” काकांचं उत्तर लगेच आलं, “थांब, पाहून सांगतो.” तीन दिवस झाले, पाहताहेत.