मॉलिक्युलर बायोलॉजीचं सर्टिफिकेशन: अभ्यास कुठून धरायचा

लॅबमध्ये काही वर्षं बायोकेमिस्ट्री नाहीतर मायक्रोबायोलॉजीच्या बेंचवर काढलेली बरीच मंडळी हल्ली मॉलिक्युलरकडे वळतायत आणि मग पहिला प्रश्न हाच, की सर्टिफिकेशन द्यायचंय पण एवढा पसारा आहे तर सुरुवात कुठून करू. मी एएससीपीची (अमेरिकेतली क्लिनिकल पॅथॉलॉजीची संस्था) एमबी म्हणजे मॉलिक्युलर बायोलॉजीची परीक्षा दिली म्हणून त्याच अंगाने लिहितेय, दुसरी कुठली देत असाल तर नियम वेगळे असतील पण अभ्यास साधारण हाच.

आधी पेपर कसा असतो ते. १०० प्रश्न, अडीच तास, सगळं कॉम्प्युटरवर आणि ॲडॅप्टिव्ह, म्हणजे तुमचं उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न जरा अवघड येतो, चुकलं की सोपा. स्कोअर जास्तीत जास्त ९९९ च्या स्केलवर मिळतो आणि पास व्हायला ४०० लागतात, तेव्हा किती टक्के पडले हा हिशोब इथे चालत नाही. पेपर मध्येच कठीण व्हायला लागला की लोकांचे हातपाय गळतात, खरं तर उत्तरं बरोबर येत असली की तसंच होतं. प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही, त्यामुळे "नंतर बघू" ही शाळेपासूनची सवय मॉक टेस्ट देतानाच मोडून टाका.

सिलॅबस ढोबळ चार भागांत असतो: मॉलिक्युलर सायन्स, टेक्निक्स, लॅब ऑपरेशन्स आणि टेस्टचे उपयोग. बहुतेक जण काय करतात तर पहिला भाग धरून बसतात, रेप्लिकेशन फोर्कवर कुठलं एन्झाइम कुठे बसतं ते पाठ करत आठवडे जातात आणि टेक्निक्सना हात लावेपर्यंत दम संपलेला असतो. बेसिक हवंच, पण त्यातलं कामाचं कुठलं तर पॉलिमरेज (डीएनएची कॉपी करणारं एन्झाइम) कुठल्या दिशेने चालतं, मेल्टिंग टेंपरेचर (ज्याला डीएनएचे दोन धागे सुटतात) कशाने वाढतं, हायब्रिडायझेशनची स्ट्रिंजन्सी, म्हणजे धागे जुळताना किती काटेकोरपणा लागतो, टेंपरेचर वाढवून आणि मीठ कमी करून वाढते, फॉर्मामाइड टाकलं तरी वाढते, आणि म्युटेशनचे प्रकार. हे पक्कं झालं की पुढे सरका.

माझं म्हणणं एकच आहे, प्रत्येक टेक्निक ती कशी बिघडते तिथून शिका. पीसीआरमध्ये (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य कॉपी काढणं) साधारण ९५ डिग्रीला डिनेचर म्हणजे धागे सुटे करणं, मग ॲनिलिंग म्हणजे प्राइमर चिकटणं, मग ७२ ला एक्स्टेन्शन म्हणजे नवा धागा वाढणं हे सगळ्यांनाच येतं, त्यावर सरळ प्रश्न आला तर तो फुकटचा मार्क समजा. खरा प्रश्न असा असतो की रन झालाय, पेशंटचे निकाल नीट दिसतायत, पॉझिटिव्ह कंट्रोल बरोबर आहे पण नो टेम्प्लेट कंट्रोलला सीटी (कितव्या सायकलला सिग्नल दिसला तो आकडा) ३६ आलाय, आता काय कराल? चार पर्यायांत एक असतो "सीटी उशिरा आलाय म्हणून दुर्लक्ष करा" आणि घाईत तोच बरा वाटतो. पण ज्या ट्यूबमध्ये डीएनए टाकलेलाच नाही तिथे सिग्नल आला म्हणजे कुठूनतरी कंटॅमिनेशन झालंय, रन रिपोर्ट करायचा नाही, रिएजंट नवीन घ्यायचे, जागा ब्लीचने पुसायची आणि परत लावायचं.

आता याच प्रश्नाला शेपूट जोडतात, की मिक्समध्ये यूएनजी (जुन्या रनचं कंटॅमिनेशन साफ करणारं एन्झाइम) होतं तरी असं कसं झालं? यूएनजी फक्त युरासिल असलेला डीएनए तोडतं, म्हणजे आधीच्या रनमध्ये ड्यूटीपी (थायमिनऐवजी युरासिल देणारा कच्चा माल) वापरून तयार झालेले ॲम्प्लिकॉन, म्हणजे पीसीआरने काढलेल्या कॉपी. शेजारच्या पेशंटचं सॅम्पल उडून आलं असेल तर त्यात थायमिनच असतं, त्याला यूएनजी काही करत नाही. आणि अजून पुढे, मिथिलेशन (डीएनएवर लागलेली मिथाइलची खूण) बघण्यासाठी बायसल्फाइट केलेल्या डीएनएवर नेहमीचं यूएनजी का चालत नाही? कारण बायसल्फाइटने मिथिलेट नसलेल्या सायटोसिनचं युरासिल होतं आणि यूएनजी तुमचं टेम्प्लेटच खाऊन टाकतं. दोन वेगळ्या चॅप्टरमधल्या गोष्टी अशा एकमेकींत अडकतात, आणि पुस्तक सरळ पहिल्या पानापासून वाचत गेलात तर हे जुळतच नाही.

इंटर्नल कंट्रोलचंही तसंच, म्हणजे प्रत्येक सॅम्पलसोबत त्याच ट्यूबमध्ये चालणारा, रिॲक्शन नीट झाली का ते दाखवणारा कंट्रोल. टार्गेट निगेटिव्ह आणि इंटर्नल कंट्रोलही निगेटिव्ह, तर तो निकाल निगेटिव्ह नसतो, इनव्हॅलिड असतो, बहुतेक वेळा इन्हिबिटर (पीसीआर अडवणारा पदार्थ) असतो किंवा एक्स्ट्रॅक्शन फसलेलं असतं. मग सॅम्पल कुठल्या ट्यूबमध्ये आलं ते बघायचं, हेपरिनची हिरवी असेल तर संशय तिथेच, म्हणूनच जांभळी ईडीटीए मागतात. रक्त फुटलेलं असेल तर हिमोग्लोबिन. उलट टार्गेट जोरात पॉझिटिव्ह आणि इंटर्नल कंट्रोल गायब, तर ती बऱ्याचदा नुसती स्पर्धा असते, टार्गेटनेच सगळा माल पळवलेला असतो, आणि बहुतेक किटमध्ये तो निकाल पॉझिटिव्ह म्हणूनच धरतात.

गणिताला घाबरणारे खूप आहेत, पण खरं तर मोजक्याच गोष्टी आहेत. २६० नॅनोमीटरला ॲब्झॉर्बन्स १ म्हणजे डबल स्ट्रँड डीएनए ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली, आरएनए ४०. समजा १:२० डायल्यूट करून ०.३ रीडिंग आलं तर ०.३ गुणिले ५० गुणिले २०, म्हणजे ३००. डायल्यूशनने गुणायचं विसरून १५ लिहिणाऱ्यांसाठी १५ हा पर्याय तिथे हमखास ठेवलेला असतो. २६०/२८० रेशो डीएनएला १.८ च्या आसपास, आरएनएला २, खाली गेला तर प्रोटीन किंवा फिनॉल. स्टँडर्ड कर्व्हचा (माहीत असलेल्या प्रमाणांच्या सीटीवरून काढलेली रेषा) स्लोप −३.३२ म्हणजे एफिशियन्सी १०० टक्के, म्हणजेच १० पट फरकाला साधारण ३.३ सायकल. एवढं डोक्यात असलं की सीटी २४ आणि ३०.६ बघून १०० पट फरक आहे हे कॅल्क्युलेटरशिवाय सांगता येतं. पाढ्यांसारखं पाठ करण्यासारखं काही असेल तर हेच.

टेस्टच्या उपयोगांचा भाग मात्र अंगावर येतो. इथे मी हाताने तक्ता केला होता, एका बाजूला आजार, मग जीन, मग नेमका बदल, आणि शेवटच्या रकान्यात कुठल्या टेक्निकने बघायचं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि गाइडमध्ये तयार तक्ते असतात त्यात नेमका तोच नसतो. सीएमएलमध्ये (रक्ताचा एक कॅन्सर) ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमचं ट्रान्सलोकेशन म्हणजे तुकड्यांची अदलाबदल, त्यातून बीसीआर-एबीएल हा जोडजीन आणि त्याचं पी२१० प्रोटीन. एएलएल या दुसऱ्या ल्युकेमियात जास्त करून पी१९०. एपीएल हा अजून एक ल्युकेमिया, तिथे १५ आणि १७ चं ट्रान्सलोकेशन. फॅक्टर फाइव्ह लायडन (रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवणारं म्युटेशन), जॅक२ व्ही६१७एफ (रक्तपेशी जास्त बनण्याच्या आजारांतलं म्युटेशन), ही सगळी ओळखीची मंडळी. प्रेडर-विली आणि एंजलमन या दोन जन्मजात सिंड्रोममध्ये कोणाकडून आलेला भाग गेला ते उलटसुलट होतंच, वडिलांकडून आलेला १५ नंबरचा तुकडा गेला तर प्रेडर-विली, आईकडून आलेला गेला तर एंजलमन.

फ्रॅजाइल एक्सवर (बौद्धिक वाढीवर परिणाम करणारा आनुवंशिक आजार) मात्र जरा थांबा. एफएमआर१ जीनमध्ये सीजीजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात (रिपीट), ५५ ते २०० प्रीम्युटेशन, २०० च्या वर फुल म्युटेशन. आता एका बाईचं सॅम्पल आहे, साध्या पीसीआरमध्ये एकच बँड आलाय, तोही नॉर्मल साइजचा. निगेटिव्ह लिहाल? तिला एक्स क्रोमोसोम दोन आहेत. दोन्ही ॲलील (जीनच्या दोन प्रती) सारख्याच साइजचे असू शकतात, किंवा दुसरा इतका मोठा असेल की सीजीजीने भरलेला तो भाग साध्या पीसीआरला ॲम्प्लिफायच झाला नाही. मग सदर्न ब्लॉट (डीएनए कापून, जेलवर वेगळा करून प्रोबने शोधायची जुनी पद्धत), नाहीतर रिपीटमध्येच प्राइमर बसवणारा रिपीट-प्राइम्ड पीसीआर. सदर्न कशाला शिकायचं, आता कोण करतं, असं विचारणाऱ्यांना उत्तर हेच.

लॅब ऑपरेशन्स लोक ऑप्शनला टाकतात, ते करू नका, सगळ्यात कमी कष्टात मार्क इथेच आहेत. कामाची दिशा एकच, रिएजंट तयार करायची खोली, मग सॅम्पल, मग ॲम्प्लिफिकेशन, आणि मागे फिरायचं नाही, कोट आणि पिपेटसुद्धा नाही. स्वच्छ खोलीत पॉझिटिव्ह प्रेशर, ॲम्प्लिकॉनच्या खोलीत निगेटिव्ह. मंजुरी असलेलं किट जसंच्या तसं वापरलं तर व्हेरिफिकेशन (कंपनीचे आकडे तुमच्या लॅबमध्ये जुळतात का ते तपासणं) पुरतं, त्यात बदल केलात किंवा टेस्ट स्वतः बनवलीत तर पूर्ण व्हॅलिडेशन, म्हणजे टेस्ट चालते हे तुम्हीच सिद्ध करायचं. सेन्सिटिव्हिटी-स्पेसिफिसिटीची चौकट कागदावर काढून सोडवा, तोंडी करायला गेलात की खालचं-वरचं होतं.

मॉलिक्युलरच्या बेंचवर फारसं काम केलेलं नसेल तर किटसोबत येणारं इन्सर्ट वाचा, बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर फुकट मिळतं. त्यातला मर्यादांचा भाग आणि कशाने अडथळा येतो तो भाग सावकाश वाचा, कारण परीक्षेतले प्रश्न जणू तिथूनच उचललेले वाटतात. प्रश्नसंच सोडवताना बरोबर उत्तर का बरोबर यापेक्षा बाकीचे तीन कुठल्या परिस्थितीत बरोबर ठरले असते ते लिहून बघा, वेळ खूप जातो, सुरुवातीला कंटाळाही येतो, पण एका प्रश्नात चार शिकून होतात.

आणि फॉर्म भरायची घाई नको. अर्ज मंजूर झाला की परीक्षा द्यायला ठराविक महिन्यांचीच मुदत मिळते, आणि नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्याला ते महिने कसे जातात कळत नाही. निम्म्याहून जास्त तयारी झाली की मगच अर्ज करा, अनुभवाचं पत्र आणि मार्कशीटची कागदपत्रं मात्र आधीपासून जमवायला घ्या, त्यावर सही करणारे साहेब नेमके तेव्हाच रजेवर असतात.